आउटबॉक्सवाले गुरुजी

सरकारला पत्र लिहायची वेळ आली की सारं गाव ज्याच्या छपरीत येऊन बसतं, असा एक माणूस प्रत्येक मोठ्या गावात असतो. पूर्वी त्याच्याजवळ फुलस्केप कागद, कार्बन आणि टाचण्या असत. पुढे टाइपरायटर आला, मग कॉम्प्युटर आला. माणूस मात्र तोच राहिला, आणि त्याचं ‘उपरोक्त विषयान्वये’ही. अड्याळात हे पद एका निवृत्त गुरुजींकडे आहे. त्यांचं नाव देत नाही. एक तर आमच्या भागातल्या तीन-चार गुरुजींचे मिळून मी हे एक केले आहेत. आणि दुसरं म्हणजे नाव छापलं तर ते संपादकांकडे मुद्देनिहाय खुलासा धाडतील आणि तो पुढच्याच अंकात, त्याच पानावर, त्याच आकारात छापा म्हणतील.

अड्याळ म्हणजे भंडारा-पवनी रस्त्यावरचं, हनुमंताच्या देवळाचं आणि घोडायात्रेचं अड्याळ. हे सांगावं लागतं, कारण चंद्रपूर जिल्ह्यात अड्याळ टेकडी आहे आणि ग्रामगीतेच्या कामामुळे ती राज्यभर माहीत आहे. बाहेरच्या माणसाला अड्याळ म्हटलं की टेकडीच आठवते. म्हणून गुरुजींच्या प्रत्येक ई-मेलच्या शेवटी पूर्ण पत्ता असतो: मु. पो. अड्याळ, ता. पवनी, जि. भंडारा. आणि त्याखाली, ‘टीप : टेकडी नव्हे.’ ई-मेलला गाव लागत नाही, हे त्यांना अनेकांनी समजावून पाहिलं. “गाव नसलेलं पत्र म्हणजे निनावी पत्र,” ते म्हणतात, “आणि निनावी पत्रावर कार्यवाही होत नाही.” पुढे बोलायला जागाच ठेवत नाहीत.

गुरुजी पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर बसले ते एमएस-सीआयटीमुळे. परीक्षा पास झालो नाही तर वेतनवाढ अडेल, या धास्तीनं जिल्हा परिषदेचे कित्येक शिक्षक त्या काळात माऊस धरायला शिकले आणि वेतनवाढ हाती पडताच सोडायलाही शिकले. गुरुजींनी तो सोडला नाही. मुलानं नागपुराहून कॉम्प्युटर आणून दिला, त्यात विंडोज एक्सपी होती, आणि एक्सपीच्या पोटात आउटलुक एक्सप्रेस.

पहिल्याच दुपारी गुरुजींच्या लक्षात आलं की हे यंत्र नाही, हे कार्यालय आहे. इनबॉक्स म्हणजे आवक. सेंट आयटम्स म्हणजे जावक. डिलिटेड आयटम्स म्हणजे निकाली निघालेल्या फायली. सीसी म्हणजे ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’. फक्त बीसीसी पाहून ते दचकले. “एकाला पत्र लिहायचं आणि त्याला पत्ता न लागू देता तेच दुसऱ्याला दाखवायचं? ह्याला आपल्याकडे चुगली म्हणतात.” मायक्रोसॉफ्टनं चुगलीसाठी वेगळी ओळ करून ठेवावी, याचं त्यांना अजूनही वाईट वाटतं. ती ओळ त्यांनी आजतागायत रिकामी ठेवली आहे.

त्यांनी ई-मेलसाठी आवक-जावक नोंदवही घातली. खरोखरीची, कापडी पाठीची, लाल रेघा मारलेली. गेलेल्या प्रत्येक मेलला जावक क्रमांक, आलेल्या प्रत्येक मेलला आवक क्रमांक. परदेशातल्या कुण्या वकिलानं बेवारस लाखो डॉलर गुरुजींच्या नावे करायची तयारी दाखवली, तर त्याचीही आवक नोंद होई आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं जाई, ‘कार्यवाहीची आवश्यकता नाही.’

या नोंदवहीचा आणि सेंट आयटम्सचा गावात दरारा होता. २००७ साली राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा समितीपुढे जो तो ‘मी सांगितलं होतं’ आणि ‘मले कोनीच सांगितलं नाई’ एवढ्या दोनच वाक्यांवर भांडायचा. गुरुजी चष्मा पुसत म्हणायचे, “दाखवू का?” आणि तंटा तिथल्या तिथे मिटायचा. पुढे पुढे तर कॉम्प्युटर न उघडताच मिटायला लागला. एकदा भर समितीत त्यांनी “दाखवू का?” म्हटलं त्या वेळी लाईन गेलेली होती, तरी समोरच्यानं कबूल केलं.

पण गुरुजींचा खरा जीव आउटबॉक्समध्ये होता, आणि ही गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण ज्यांनी मोबाईलवरच ई-मेल पाहिला त्यांना आउटबॉक्स म्हणजे काय हे कळणारच नाही.

त्या वेळी नेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. नंबर फिरवायचा, मोडेम किंचाळायचा, जोडणी व्हायची आणि त्या क्षणापासून फोनचं बिल चढू लागायचं. मधेच काकूंनी माहेरी बोलायला रिसिव्हर उचलला की तुटायचं. म्हणून शहाणा माणूस आधी सगळी पत्रं निवांत लिहून घ्यायचा. लिहिलेलं पत्र आउटबॉक्समध्ये जाऊन बसायचं. मग एकदाच नेट जोडायचं, ‘सेंड अँड रिसिव्ह’ दाबायचं, पाकिटं भराभरा निघून जायची, आलेली उतरायची, आणि पुन्हा तार मोकळी. आउटलुक एक्सप्रेस मुळात अशाच गरीब तारांसाठी बेतलेला होता. १९९७ पासून तो लोकांच्या घरी होता आणि त्याला घाई ठाऊक नव्हती.

गुरुजींनी डाक निघण्याची वेळ ठरवली, दुपारी चार. सकाळी लिहायचं, चारला सोडायचं. पुढे ब्रॉडबँड आलं, मिनिटाचं बिल संपलं, तरी चारची वेळ हलली नाही. ‘लगेच पाठवा’ असं एक खूण करायचं खोकं त्या प्रोग्रामच्या पोटात होतं. गुरुजींनी ते शोधून त्यातली खूण काढून टाकली. “लिहिणं वेगळं आणि पाठवणं वेगळं,” ते म्हणत. “लिहितो तो रागावलेला माणूस असतो. पाठवणारा जबाबदार असावा.”

सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात अड्याळात काय काय वाचलं, ते सांगायला हवं. रोजगार हमीच्या हजेरीवरून सरपंचांविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांना लिहिलेलं तीन पानी पत्र एकदा सहा तास आउटबॉक्समध्ये बसलं होतं. तीन वाजता सरपंचांच्या आईनं काकूंकडे बोरं पाठवली. पावणेचारला पत्राची दोन पानं झाली. चारला पाच मिनिटं असताना ते अख्खं मागं घेतलं गेलं, आणि नोंदवहीत शेरा पडला, ‘जावक क्र. रद्द. विषय सामोपचाराने निकाली.’ गुरुजींचे आणि त्यांच्या थोरल्या भावाचे संबंध आजही चांगले आहेत, तेही आउटबॉक्समुळेच. बांधीच्या धुऱ्यावरून लिहिलेली किती पत्रं चारच्या आत मागं घेतली गेली, ते भावाला ठाऊक नाही. माझं स्वतःचं मत असं की तंटामुक्तीचा पुरस्कार गावागावांना देताना एखादा आउटबॉक्सलाही द्यायला हरकत नव्हती.

आणि नेमका तो प्रोग्राम बंद झाला.

तसा तो एकदाच बंद झाला नाही, आणि गुरुजींची व्यथा तीच आहे. आउटलुक एक्सप्रेस विंडोज व्हिस्टात नव्हताच. त्याच्या जागी दुसरा आला होता. गुरुजी एक्सपीला धरून बसले, तर ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचाच पाठिंबा संपला. मग मुलानं विंडोज लाइव्ह मेल घालून दिला. तो हाताशी येतो न येतो तोच, १० जानेवारी २०१७ पासून त्याचीही जबाबदारी कंपनीनं सोडली. मग विंडोज १० आली आणि तिच्यातलं मेल नावाचं साधं, निळं पाकीट. त्यात ‘लगेच पाठवा’ची खूण काढायची सोय सापडेना. गुरुजींनी त्यावर स्वतःचा उपाय काढला. पत्रं लिहायला बसताना ते नेटची वायरच उपटून ठेवत. वायर नाही, म्हणजे पत्र आपोआप आउटबॉक्समध्ये. चारला वायर लावायची. दरम्यान नातवाचा ऑनलाइन वर्ग बंद पडे. तो वर्ग गणिताचा असल्यामुळे नातवानं कधी तक्रार केली नाही.

गावात एव्हाना एक सिद्धान्त रूढ झाला होता. तो पानठेल्यावर जन्मला आणि एसटी स्टँडपर्यंत पोहोचला. गुरुजी जे वापरतात ते बंद पडतं. पुरावे भरपूर होते. गुरुजींच्या मनगटावर एचएमटी. केंद्र सरकारनं २०१६ च्या जानेवारीत ती घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. गुरुजी लग्नाला न जाता तारेनं शुभेच्छा पाठवत. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. गुरुजींकडे चेतक, बजाजनं स्कूटरच काढणं थांबवलं. नागपूर-नागभीडच्या छोट्या गाडीनं गुरुजी हौसेनं पवनी रोडहून प्रवास करत. २०१९ मध्ये रूळ रुंद करायचे म्हणून ती गाडी थांबली. गुरुजी माहितीचे अर्ज रजिस्टर्ड पोस्टानं धाडत. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. हा शेवटचा पुरावा आला तेव्हा पानठेल्यावर काही क्षण कोणी बोललंच नाही. मग ठेलेवाला हात जोडून म्हणाला, “गुरुजी, तुमी आपला खर्रा तेवढा खाऊ नका जी.” हे घरी कळलं तेव्हा काकू म्हणाल्या, “उलट आजपासूनच खायला सांगा त्यांना. गावाचं भलं होईल.”

गुरुजींनी या सिद्धान्ताला एकच अपवाद दाखवला. चेतक परत आली ना? २०२० मध्ये आली, विजेवर चालते, आवाज करत नाही, पण आली. तेव्हा एक्सप्रेसही येईल.

२०२४ च्या पावसाळ्यानंतर त्या निळ्या पाकिटावर पट्टी दिसू लागली. ३१ डिसेंबर २०२४ नंतर यातून पत्र जाणार नाही, येणार नाही. नवीन आउटलुक घ्या. गुरुजींनी पट्टी पूर्ण वाचली. सूचना पूर्ण वाचणारे ते गावातले एकमेव गृहस्थ आहेत. बाकीचे आम्ही ‘ओके’ दाबतो. तारीख त्यांना पसंत पडली. “महिन्याच्या शेवटच्या दिवशी, कार्यालयीन वेळेनंतर. निवृत्ती अशीच असते. पण जागेवर कोण येतंय, त्याला कामाचा अनुभव काय, हे कळायला नको?”

त्यासाठी सेतूवाल्या पोराला बोलावलं. हा पोरगा सात-बारा, पीक विमा, धान विक्रीची नोंदणी, शिष्यवृत्ती आणि बारावीचे फॉर्म असा अख्ख्या परिसराचा कारभार एका खोलीतून चालवतो. गावात कोणाचा कॉम्प्युटर काहीही करो, त्याच्याकडे औषध एकच.

“का झालं जी गुरुजी? विंडो मारून देऊ?”

“विंडो ठीक आहे. मेल बंद होतोय.”

“तर मंग नवीन आउटलुक टाकून देतो ना जी.”

गुरुजींचे डोळे चमकले. “आउटलुक? एक्सप्रेस परत आली?”

“एक्सप्रेस नाई जी. नुसतं आउटलुक.”

“म्हणजे पॅसेंजर.”

नवीन आउटलुक लागलं. गुरुजी दोन दिवस त्याच्याशी अदबीनं वागले. तिसऱ्या दिवशी आवक टपालात एक पत्र असं दिसलं की त्याला नोंद करायला गेले तर ते पत्रच नव्हतं, जाहिरात होती. फुकट वापरणाऱ्यांना पत्रांच्या रांगेत जाहिरात दिसते, हे पोरानं समजावलं. “माझ्या आवकेत? क्रमांकाशिवाय?” मग लक्षात आलं की इनबॉक्सचे दोन भाग झालेत, एक महत्त्वाच्या पत्रांचा आणि एक इतर पत्रांचा, आणि ही विभागणी कंपनी करते. गुरुजींनी चाळीस वर्षं वर्गात हुशार आणि ढ अशी बाकं वेगळी केली नव्हती. ते प्रोग्रामला करू देणं अवघड होतं. हे बंद करता येतं, पोरानं केलंही. पण गुरुजींच्या मनात पडायची ती अढी पडली.

मग त्यांनी अटी वाचल्या. शब्दकोश घेऊन, रात्री, लाईन जाईपर्यंत. सकाळी छपरीत जमलेल्यांना सांगितलं, “माझं खातं दुसऱ्या कंपनीचं असलं तरी ह्यात जोडलं की पत्रं आधी यांच्या गोदामात उतरणार आणि तिथून मला दिसणार. डाकेची थैली सोडायची माझ्या घरी, तर ती वाटेत तिसऱ्याच्या घरी कशाला?”

छपरीतल्या मंडळींना गोदाम म्हणजे धानाचं, एवढंच माहीत असल्यामुळे त्यांनी मान डोलावली. पण गुरुजींचा मुद्दा हसण्यावारी न्यायचा नाही. जर्मनीच्या माहिती-संरक्षण आयुक्तांनी २०२३ मध्ये नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. अड्याळची छपरी आणि जर्मनीचं आयुक्तालय एकाच निष्कर्षावर आलं, आणि दोघांचंही कोणी ऐकलं नाही.

“पण गुरुजी,” सेतूवाला म्हणाला, “तुमचं जीमेल तरी का तुमच्या कपाटात आहे जी?”

“होतं,” गुरुजी म्हणाले.

आणि ते खरं होतं. जुन्या पद्धतीत पत्र एकदा कॉम्प्युटरवर उतरलं की कंपनीकडची प्रत पुसली जायची. तुम्ही मुद्दाम ‘तिकडेही ठेवा’ म्हटलंत तरच ती राहायची. पत्र तुमच्या घरात, तुमच्या डब्यात. चोर आला तर तुमच्याकडे, आग लागली तर तुमची. गुरुजींची २०१४ पर्यंतची सारी पत्रं मागच्या खोलीत, एक्सपीच्या डब्यात, अजून आहेत. त्या डब्याला नेट नाही. दर दिवाळीला त्याचीही पूजा होते.

ही जुनी पत्रं नवीन ठिकाणी न्यावीत म्हणून सेतूवाल्यानं एकदा पेन ड्राइव्हवर घेतली आणि उघडली, तर मराठीचा पत्ता नाही. माथ्यावर दोन-दोन टिंबं घेतलेली युरोपातली अक्षरं, मधे पौंडाचं चिन्ह, मधे येनचं. पोरगा घाबरला. “वायरस हाय जी!” गुरुजींनी चष्मा वर केला. पत्र २००५ सालचं होतं, सीडॅकच्या सुरेख फॉन्टमध्ये टाइप केलेलं. युनिकोडच्या आधी मराठी अशीच चालायची. इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी चित्रं बसवलेली असायची, आणि तो फॉन्ट नसलेल्या घरात पत्र गेलं की मुखवटा गळून पडायचा. महाराष्ट्रातल्या किती वर्तमानपत्रांचं, सहकारी संस्थांचं आणि गुरुजींचं लेखन अशा मुखवट्याखाली पडून आहे, त्याची मोजदाद व्हायला हवी. गुरुजींनी त्या युरोपियन गर्दीवर बोट ठेवलं आणि सरळ वाचायला सुरुवात केली. “मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, पवनी. विषय : शाळेच्या गळक्या छताबाबत.”

“तुमाले कसं वाचता येते जी?”

“वाचत नाही. छत अजून गळतंय. पाठ आहे.”

शेवटी पोरानं थंडरबर्ड काढला. गुरुजींनी खुर्ची मागं सरकवली आणि हाताची घडी घातली. एखाद्या स्थळाची चौकशी करावी तशी त्यांची चौकशी सुरू झाली. हा कोणाचा? किती वर्षांचा? आणि मुख्य म्हणजे, बंद कधी होणार?

पोरानं मोबाईलवर शोधून शोधून उत्तरं दिली. पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ ची. मोझिलानं २०१२ च्या जुलैत सांगितलं होतं की आता आम्ही यात नवीन काही घालणार नाही. मधली वर्षं बहुतेक स्वयंसेवकांनी सांभाळली. २०२० मध्ये त्याच्यासाठी वेगळी कंपनी निघाली.

“म्हणजे एकदा जाऊन आलाय.” गुरुजींना ही पात्रता वाटली. “आणि पैसा कुठून?”

“वापरणारे देते ना जी. देणगी.”

“लोकवर्गणी!” गुरुजींनी हात सोडले. “मग हा टिकतो. वर्गणीवर चालणारी गोष्ट बंद पडत नाही. कमिटी भांडेल, अध्यक्ष रुसेल, हिशेब मिळणार नाही. पण बंद पडणार नाही.” आणि मग त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आउटबॉक्स आहे?”

होता. नुसता होता असं नाही. ‘नंतर पाठवा’ ही सोय होती, आणि साठलेली सगळी पत्रं एकदम सोडायचीही. काकू सांगतात की त्या दिवशी गुरुजींनी दोनदा चहा मागितला. चारची डाक सुरू झाली. नेटची वायर भिंतीत कायमची राहू लागली आणि नातवाला गणित भोगावं लागलं.

गुरुजींना एकदा चौकशीची चटक लागली की ते थांबत नाहीत. पोराच्या मोबाईलवर त्यांनी मेलेल्या मेल-प्रोग्रामांची माहिती काढायला लावली. त्यात युडोरा निघाला. इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी तो १९८८ मध्ये लिहिला आणि त्याला युडोरा वेल्टी या लेखिकेचं नाव दिलं, कारण त्यांची एक कथा घरच्यांशी भांडून पोस्ट ऑफिसात राहायला गेलेल्या बाईची आहे. युडोरा बंद पडला तरी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संगणक-इतिहासाच्या संग्रहालयानं त्याचा सारा मजकूर जगासाठी खुला केला. गुरुजींना त्यातलं पोस्टात राहायला गेलेल्या बाईचं तेवढं भावलं. काकूंकडे बघत म्हणाले, “चांगली सोय आहे.” काकू म्हणाल्या, “मले सांगून रायले का? पोस्ट चारलेच बंद होते.”

सारं सुरळीत झालं होतं, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात पोरगा पुन्हा दारात उभा. चेहरा पडलेला.

“गुरुजी, आता विंडोज १० च बंद होऊन रायली जी. १४ ऑक्टोबरले. आन तुमच्या कॉम्प्युटरात ११ बसत नाई. टीपीएम नाई त्यात.”

“टीपीएम म्हणजे?”

पोरानं बराच विचार केला. “नसते जी ते जुन्यात.”

गुरुजी क्षणभरच गप्प झाले. मग त्यांनी नोंदवही ओढली. घर जळत असतं तरी त्यांनी आधी विषय लिहिला असता. विषय : विंडोज १० या कार्यप्रणालीस मुदतवाढ मिळणेबाबत. प्रति, मा. श्री. सत्या नडेला साहेब, मुख्य कार्यकारी अधिकारी, मायक्रोसॉफ्ट, मु. रेडमंड. संदर्भ : १) आउटलुक एक्सप्रेस, २) विंडोज लाइव्ह मेल, ३) विंडोज मेल, या तीन प्रकरणी झालेला अनुभव. नडेला साहेब हैदराबादचे आहेत हे कळल्यावर तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य वाढलं, ‘आपण मूळचे या बाजूचेच असल्याने येथील विजेची व आर्थिक परिस्थिती आपणास विदित आहेच.’ खाली प्रत माहितीस्तव : गटविकास अधिकारी, पवनी.

“त्याईले काहून जी?” पोरानं विचारलं.

“त्यांना नेहमी असते. एकदम बंद केली तर त्यांना वाईट वाटेल.”

पत्र रिवाजाप्रमाणे सकाळपासून आउटबॉक्समध्ये बसलं. दुपारी त्यातलं एक कडक विशेषण निघालं. चारला गेलं. चार वाजून दोन मिनिटांनी उत्तर आलं, कारण पत्ता गुरुजींनी अंदाजानं बनवला होता आणि मेलर डेमन नावाच्या यंत्रानं तो नाही म्हणून कळवलं होतं. पोरगा हसायला लागला. गुरुजींनी त्याला गप्प केलं.

“हसतोस काय? पत्ता चुकलाय हे दोन मिनिटांत, लेखी, मूळ पत्र जोडून कळवणारं दुसरं कार्यालय मला जिल्ह्यात दाखव.” आणि आवक रकान्यात नोंद झाली, ‘श्री. डेमन यांजकडून पोच.’

रोवणीच्या दिवसांत पोरगा चिखलाच्या पायांनी धावत आला. कंपनीनं म्हणे सांगितलं होतं, घरगुती वापराच्या विंडोज १० ला सुरक्षेची दुरुस्ती अजून एक वर्ष मिळणार, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पैसे भरून मिळण्याची घोषणा आधीच झाली होती; आता फुकटचा मार्गही निघाला होता.

छपरीत शांतता पसरली. सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी नोंदवही उघडली, जावक क्रमांक शोधला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘मागणी मान्य. प्रकरण एक वर्षासाठी निकाली.’

“पण गुरुजी, तुमचं पत्र त पोचलंच नोतं जी,” पोरगा चाचरत म्हणाला.

“डेमनला पोचलं होतं ना? मग कार्यालयाला पोचलं.”

“आन एक अट आहे जी. फुकट पायजे असन त कंपनीचं खातं उघडाव लागते, आन आपल्या सेटिंगची एक कॉपी त्यायच्याकडं ठेवाव लागते. त्याच गोदामात.”

आता गुरुजी उसळणार, म्हणून काकूही दारात येऊन उभ्या राहिल्या. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“मूळ कुठं राहणार?”

“तुमच्याकडंच.”

“म्हणजे त्यांच्याकडे प्रत माहितीस्तव. द्यायला हरकत नाही.”

ही बातमी पानठेल्यावर पोहोचली आणि जुना सिद्धान्त त्याच संध्याकाळी उलटा झाला. गुरुजी बंद पडलेलं चालू करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी छपरीत बसायला जागा नव्हती. एकाला बंद झालेली एसटीची फेरी हवी होती, एकाला त्याच्या कंपनीच्या पंपाचे सुटे भाग. कोपऱ्यात एक म्हातारबा धोतराचा सोगा सावरत बसले होते. त्यांची पाळी आली.

“गुरुजी, ते नागभीडची गाडी. पवनी रोडहून जायची ते. तिचंबी लिवा ना जी.”

“लिहितो. पण त्याला वरपर्यंत जावं लागेल.”

“म्हंजे रेल्वेमंत्र्याले?”

“छे,” गुरुजी टोपण काढत म्हणाले, “नडेला साहेबांना. त्यांच्याकडून कामं होतात.”